गोष्टींचे व्याकरण लिहिणारा पाववाल्याचा मुलगा

मुलांना गोष्ट सांगणे ही आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची कामगिरी. आजीला ती साधते, एखाद्या मावशीला अधिक साधते, एखाद्या काकांना मुळीच साधत नाही, आणि एवढ्यावर विषय संपतो. गोष्ट रचण्याची काही रीत असेल, ती शिकता-शिकवता येत असेल, आणि सांगणाऱ्याने गप्प बसून मुलांनाच रचू द्यावी, असे कुणाच्या सहसा मनातही येत नाही. इटलीत मात्र एक गृहस्थ असे होऊन गेले की त्यांनी ह्याच एका प्रश्नाचा उभा जन्म पाठपुरावा केला. त्यांचे नाव जान्नी रोदारी.

इटली आणि बालशिक्षण ही दोन नावे एकत्र आली की आपल्या वाचकांना माँटेसरीबाई आठवणार, आणि ते योग्यच आहे. १९३९ साली त्या हिंदुस्थानात आल्या, महायुद्धाची वर्षे त्यांनी येथेच काढली, आणि त्यांच्या पद्धतीच्या बालवाड्या आपल्या गावोगाव निघाल्या. माँटेसरीबाईंचा भर प्रत्यक्ष वस्तूंवर, हाताच्या कामावर होता. अगदी लहान मुलांना परीकथा सांगाव्यात असे त्यांना वाटत नसे. रोदारी हे त्याच देशाचे, पण वयाने बरेच धाकटे, आणि त्यांनी नेमकी उलट बाजू उचलून धरली. मुलाच्या हातांना जसे काम हवे तसे त्याच्या कल्पनेलाही हवे, हा त्यांचा आग्रह. इटलीतल्या आजच्या बालवाचनालयांत आणि मुलांच्या वाचनमंडळांत पुस्तक वाचून झाल्यावर मुले कात्री, रंग आणि शब्द घेऊन स्वतःची गोष्ट करायला बसतात, त्यामागे बरीचशी पुण्याई ह्या माणसाची आहे.

उत्तर इटलीच्या पियेमोंते प्रांतात ओर्ता नावाचे एक लहानसे सरोवर आहे. त्याच्या काठच्या ओमेन्या गावी २३ ऑक्टोबर १९२० रोजी रोदारींचा जन्म झाला. वडील जुझेप्पे यांची पावाची भट्टी होती. घरची माणसे मूळची त्या गावची नव्हेत. आईवडील दोघेही वारेझेकडच्या डोंगराळ मुलखातले, पोटासाठी येथे येऊन राहिलेले. वडिलांची शेवटची आठवण मुलाच्या मनात कायमची कोरलेली राहिली. बाहेर पाऊस कोसळत होता. पाण्याच्या डबक्यांत एक मांजराचे पिल्लू अडकून पडले होते. त्याला आणायला वडील बाहेर गेले आणि नखशिखांत भिजून परतले. मग भट्टीला पाठ लावून ते शेकत उभे राहिले. सात दिवसांनी फुप्फुसाच्या दाहाने ते गेले. पेनिसिलीन तेव्हा रोग्यांच्या हाती आलेले नव्हते. मुलगा त्या वेळी नऊ-दहा वर्षांचा होता.

विधवा आई मुलांना घेऊन आपल्या माहेरच्या बाजूला, गाविराते येथे आली. गरिबांच्या हुशार मुलाला शिकवायचे तर त्या काळी इटलीत एक वाट असे, ती म्हणजे पाद्री घडविणारी पाठशाळा. जान्नीला सेव्हेसो येथील अशा पाठशाळेत घातले. तेथे तो काही वर्षे राहिला, अभ्यासात पुढेही होता, पण धर्मगुरू होणे त्याच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते. तो बाहेर पडला आणि शिक्षक होण्याचा अभ्यास करून १९३७ साली, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास, पदविका घेऊन मोकळा झाला. ह्याच वर्षांत व्हायोलिन शिकणे झाले, जे पुस्तक हाती लागेल ते वाचणे झाले.

त्या हिवाळ्यात त्याला एक शिकवणी मिळाली. जर्मनीतून निसटून आलेले एक ज्यू कुटुंब माज्जोरे सरोवराजवळच्या टेकड्यांत राहत होते. इटलीत आपण सुखरूप राहू अशी त्या बिचाऱ्यांची समजूत होती. त्यांच्या मुलांना इटालियन शिकवायचे आणि त्यांच्याच घरी राहायचे, असे ते काम. तेथे रोदारी जर्मन शिकले आणि वाचता वाचता नोव्हालिस ह्या जर्मन कवीच्या एका लहानशा टिपणापाशी थबकले. तर्काचे जसे शास्त्र आहे तसे कल्पनेचेही असते तर नवनिर्मितीची कला हाती लागली असती, अशा आशयाचे ते टिपण होते. त्या पोरवयात मनात पडलेले हे बी उगवून वर यायला पस्तीस वर्षे लागली. इटलीतही ज्यूंविरुद्धचे वारे वाहू लागले तेव्हा त्या कुटुंबाला तेथूनही उठून दुसरा देश शोधावा लागला.

रोदारी मग खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांत मास्तर झाले. आपण मास्तर म्हणून काही फारसे चांगले नव्हतो, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केले आहे. मात्र मुले आपल्या वर्गात कंटाळत नसत, एवढे समाधान त्यांना होते. कारण हे मास्तर वास्तवाशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टी सांगत, आणि त्या कशा सुचल्या ह्याच्या नोंदी एका वहीत करून ठेवीत. काळ मुसोलिनीचा होता. शाळेतली नोकरी टिकवायची तर फॅसिस्ट पक्षाचा शिक्का हवा असे, आणि तो त्यांनीही घेतला. हा डाग चरित्रातून पुसण्याचे कारण नाही. प्रकृती नाजूक म्हणून सैन्यभरतीतून ते सुटले, पण युद्धाने त्यांना सोडले नाही. दोन जिवलग मित्र रणांगणावर गेले, आणि भाऊ चेझारे जर्मनांच्या बंदिछावणीत पडला. ह्या घावांनी त्यांची दिशा बदलली. १९४४ साली ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि प्रतिकाराच्या लढ्यात उतरले.

युद्ध संपले तेव्हा मास्तर वृत्तपत्रकार झालेला होता. वारेझेतले पक्षाचे पत्र सांभाळल्यावर १९४७ साली ते मिलानला ‘लुनिता’ ह्या पक्षाच्या दैनिकात आले. मुलांसाठी लिहिणे हे येथे अगदी अवचित, पानातली जागा भरण्याच्या निमित्ताने सुरू झाले. थोड्या गमतीच्या चार ओळी, एखादे बडबडगीत. कामगारांच्या घरांतून पत्रे येऊ लागली. कुणी ट्रामच्या वाहकाच्या मुलासाठी गाणे मागितले, कुणी आणखी कशासाठी. लेखकाला वाचक सापडले, म्हणण्यापेक्षा वाचकांनी लेखक शोधून काढला.

१९५० साली पक्षाने त्यांना रोमला बोलावून मुलांसाठी एक साप्ताहिक काढायला सांगितले. त्याचे नाव ‘पिओनिएरे’. दीना रिनाल्दी ह्या त्यांच्या सहसंपादक. डाव्या चळवळीने चालवलेल्या मुलांच्या मंडळांचे हे मुखपत्र. त्यांत मुले एकत्र जमत, वाचत, खेळत, नाटके बसवीत. ह्याच पत्रातून चिपोल्लिनो हा कांद्याचा पोर जन्माला आला, आणि १९५१ साली त्याची कादंबरी निघाली. लिंबूराजाच्या पायावर चुकून पाय पडला म्हणून कांद्याच्या बापाला तुरुंगात टाकतात, आणि मुलगा बापाला सोडवायला निघतो, अशी ती भाजीबाजारातली कथा. कांद्याला जो दुखवील त्याच्याच डोळ्यांतून पाणी येणार, हे प्रत्येक स्वयंपाकघरातले सत्य त्यांनी राजकारणाला लावले. बापाला वाचविण्यासाठी धडपडणारा हा मुलगा कुठून आला असेल, हे भट्टीपाशी उभा राहिलेला तो भिजलेला बाप ज्याला आठवतो त्याला निराळे सांगायला नको.

आणि येथेच त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी मारा सुरू झाला. मुलांची मंडळे कशी चालवावीत ह्यावर त्यांनी १९५१ साली एक पुस्तक लिहिले. चर्चने त्यांचा जाहीर निषेध केला. पाद्री व्हायला गेलेला मुलगा सैतानाच्या वाटेला लागला, असा त्या निषेधाचा रोख. काही गावांत चर्चच्या आवारात ‘पिओनिएरे’चे अंक आणि त्यांची पुस्तके जाळण्यात आली. हा झाला बाहेरचा मारा. पण त्याच सुमारास घरच्यांचाही अहेर मिळाला. पक्षाच्या ‘रिनाशिता’ ह्या मासिकात नील्दे योत्ती ह्यांनी चित्रकथांवर कडक टीका केली होती. अशा चित्रांनी मुलांची वाचनाची सवय जाते, ही त्यांची तक्रार. रोदारींनी उत्तर पाठविले. दोष चित्रकथेच्या साच्यात नसून त्यात काय ओतले जाते त्यात आहे, ही त्यांची बाजू होती. पत्र छापले गेले, पण त्याखाली पक्षाचे सर्वश्रेष्ठ पुढारी तोल्यात्ती ह्यांनी स्वतः प्रतिकूल शेरा जोडला. म्हणजे चर्चला हा माणूस पोरे बिघडवणारा वाटला, आणि पक्षालाही तो जरा सैलच वाटला.

दुसरा कुणी असता तर एका बाजूची ओसरी गाठून बसला असता. रोदारींनी पक्ष सोडला नाही, आणि मुलांच्या बाजूने बोलणेही सोडले नाही. पण पुढच्या काळात त्यांच्या लेखनातला फरक जाणवतो. बाजू घेणाऱ्या लेखनापेक्षा मुलाला आपली बाजू आपण घेता यावी ह्याकडे त्यांचा कल वाढत गेला. १९५३ साली मारिया तेरेसा फेर्रेत्ती ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९५७ साली कन्या पाओला जन्मली. १९५८ पासून मरेपर्यंत ‘पाएझे सेरा’ ह्या सायंदैनिकातली नोकरी हेच त्यांचे पोटापाण्याचे साधन राहिले. मुलांची पुस्तके त्यांनी ह्या नोकरीतून वेळ काढून लिहिली.

दहा वर्षे त्यांची पुस्तके पक्षाच्या वर्तुळातच फिरली. सोव्हिएत देशात मात्र चिपोल्लिनो घराघरांत गेला होता. त्याचे रशियन भाषांतर १९५३ मध्ये झाले, पुढे १९६१ साली चलच्चित्र निघाले, १९७४ साली त्यावर नृत्यनाट्य उभे राहिले. मायदेशी दार उघडले ते १९६० मध्ये, तूरिनच्या एइनाउदी ह्या नामांकित प्रकाशनसंस्थेने त्यांची बडबडगीते छापली तेव्हा. चित्रे ब्रूनो मुनारी ह्यांची होती. दोन-चार रेघांत चित्र संपविणारा हा कलावंत. ह्याच मुनारींनी पुढे १९७७ साली मिलानच्या ब्रेरा चित्रशाळेत मुलांसाठी हस्तकलेची कार्यशाळा उभारली, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९६२ साली ‘फाव्होले अल तेलेफोनो’ म्हणजे टेलिफोनवरच्या गोष्टी हे त्यांचे सर्वांत लाडके पुस्तक आले. वारेझेचे बियांकी नावाचे एक हिशेबनीस गृहस्थ औषधे विकण्यासाठी आठवड्यातले सहा दिवस गावोगाव हिंडतात. लेकीला गोष्टीवाचून झोप येत नाही. तेव्हा बाप जिथे असेल तिथून रोज रात्री नऊ वाजता फोन करतो आणि गोष्ट सांगतो. पैसे पदरचे जायचे, म्हणून गोष्टी आखूड. ज्या दिवशी धंदा बरा झाला त्या दिवशी जरा लांब. आणि ही गोष्ट चालू झाली की टेलिफोन कचेरीतल्या मुली बाकीचे सगळे फोन थांबवून ऐकत राहतात! वाचकहो, आपल्यापैकी किती घरांतले बाप असे सहा दिवस परगावी असतात?

ह्या पुस्तकात एका देशाची गोष्ट आहे. इटालियन भाषेत शब्दाच्या आधी ‘स’ हे अक्षर जोडले की पुष्कळदा अर्थ उलटतो, जसा आपल्याकडे ‘अ’ किंवा ‘बिन’ लावल्याने उलटतो. त्या देशात प्रत्येक वस्तूला हे अक्षर लागलेले. त्यामुळे तेथले पेन्सिलीचे टोकयंत्र पेन्सिल झिजवण्याऐवजी झिजलेली पेन्सिल वाढवते, आणि तेथली तोफ लढाई करण्याऐवजी झालेली लढाई मोडून टाकते. एका अक्षराचा खेळ, पण ज्याचे दोन मित्र युद्धात गेले त्याने तो मांडलेला आहे. त्यांच्या विनोदाच्या तळाशी असे काहीतरी नेहमी असते.

१९६४ साली चुकांचे पुस्तक आले. शुद्धलेखनात पोराने चूक केली की मास्तर लाल पेन्सिल काढतो. रोदारी मास्तर होतेच, पण त्यांना त्या चुकीत गोष्टीचा धागा दिसे. अक्षर गळले आणि निराळाच शब्द झाला, तर त्या शब्दाचा प्राणी कसा असेल, तो काय खाईल, असे विचारावे. चूक दुरुस्त तर होतेच, वर मुलाला तिची भीती राहत नाही. त्याच वर्षी पालकांच्या एका मासिकात त्यांनी मुलांना वाचनाचा तिटकारा यावा ह्यासाठीचे नऊ उपाय उपरोधाने लिहून काढले. दूरदर्शनसंच बंद करून शिक्षा म्हणून पुस्तक हाती द्या. आमच्या लहानपणी आम्ही किती वाचत होतो ते ऐकवा. वाचले की लगेच सारांश लिहायला लावा. स्वतः मोठ्याने वाचून दाखवायचे मात्र टाळा. निवडीला फारशी पुस्तके ठेवू नका. आणि सरतेशेवटी वाचण्याचा हुकूम सोडा. ही यादी आज कुठल्याही घराच्या दारावर लावण्याजोगी आहे. ज्या मासिकात ती आली त्याचेच संपादन त्यांनी पुढे १९६८ ते १९७७ पर्यंत केले.

मुलांबरोबर गोष्ट रचण्याचा प्रयोग त्यांनी रोमच्या त्रुल्लो ह्या गरीब वस्तीतल्या प्राथमिक शाळेत केला. मारिया लुइझा बिजारेत्ती ह्या बाई तेथे शिकवीत. त्यांच्या चौथीच्या वर्गाशी बोलता बोलता ‘आकाशातला केक’ ही कथा वाढत गेली आणि १९६६ साली पुस्तक झाली. वस्तीवर आभाळातून एक प्रचंड गोल वस्तू येते. सेनापती म्हणतात, शत्रूचे यान. तोफा रोखल्या जातात. प्रत्यक्षात तो फसलेल्या अणुप्रयोगातून निघालेला केक असतो, आणि तो ओळखतात मुले, कारण ती चाखून पाहतात. ज्या वस्तीकडे शहराने पाठ फिरविली होती तिथेच हे आभाळ उतरते.

१९७० साली त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक मिळाले. बालवाङ्मयातला हा जगातला सर्वोच्च मान, आणि तो मिळविणारे ते पहिले इटालियन लेखक. अंक जाळणाऱ्या गावांतल्या शाळांतूनही त्यांची पुस्तके आता दिसू लागली. पण त्यांच्या मनात जे पोरवयात पडले होते ते अजून सांगायचे राहिले होते.

ती वेळ मार्च १९७२ मध्ये आली. रेज्जो एमिलिया हे उत्तर इटलीतले शहर बालशाळांसाठी प्रसिद्ध आहे. महायुद्ध संपताच तेथल्या एका खेड्यातल्या लोकांनी जर्मनांनी मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून मुलांसाठी शाळा बांधली. ह्या शाळांचे सूत्रधार लोरिस मालागुत्सी. लढाई मोडणारी तोफ रोदारींनी गोष्टीत रचली, ह्या माणसांनी ती विटामातीने खरी करून दाखविली होती. अशा गावी ६ ते १० मार्च असे पाच दिवस सुमारे पन्नास शिक्षकांसमोर रोदारींनी आपली सगळी पोतडी उघडली. त्यातून १९७३ साली ‘ग्राम्मातिका देल्ला फांताझिया’, म्हणजे कल्पनेचे व्याकरण, हा ग्रंथ झाला. तो त्यांनी त्या शहरालाच अर्पण केला.

ह्या व्याकरणातला एक नियम येथे सांगतो. एका मुलाला फळ्याच्या एका बाजूवर कोणताही शब्द लिहायला सांगावा आणि दुसऱ्याला, पहिल्याचा शब्द न दाखविता, दुसऱ्या बाजूवर. एकाने लिहिले कुत्रा, दुसऱ्याने लिहिले कपाट. एकट्या कुत्र्यात गोष्ट नाही, एकट्या कपाटात नाही. पण दोन्ही जवळ आणून मधला प्रत्यय बदलीत गेले की कुत्र्याचे कपाट, कपाटावरचा कुत्रा, कपाटातला कुत्रा असे एकेक चित्र उभे राहते आणि प्रत्येकातून गोष्ट सुरू होते. विभक्ती शिकवायला ह्याहून बरी रीत आम्हांला माहीत नाही. दुसरा नियम समजा, असे झाले तर, ह्या प्रश्नाचा. तिसरा, ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम चुकीची सांगण्याचा, म्हणजे मूल आपण होऊन रागावून ती दुरुस्त करू लागते. साधने कसलीच नाहीत. फळा, खडू आणि थोडा वेळ.

पण हा नुसता करमणुकीचा उद्योग नव्हे. शब्द ज्याच्या हाती आहेत त्याला कुणी सहजासहजी दावणीला बांधू शकत नाही, ही रोदारींची निष्ठा होती. सगळी मुले लेखक व्हावीत असे त्यांना म्हणायचे नव्हते. मुसोलिनीच्या काळात एक अख्खी पिढी घोषणा पाठ करीत वाढली, हे त्यांनी वर्गात उभे राहून पाहिले होते, आणि नोकरीपायी काही अंशी सोसलेही होते. ज्याला दुसरा शेवट सुचतो तो दिलेला शेवट मुकाट्याने स्वीकारीत नाही. चर्चला आणि पक्षाला ह्या माणसाची जी धास्ती वाटली ती अगदीच निराधार नव्हती, असे म्हणावे लागते.

१९७८ साली ते कथेतून पुन्हा आपल्या बालपणीच्या सरोवराकडे गेले. ओर्ताच्या मध्यभागी सान जूलियो नावाचे बेट आहे. तेथे त्र्याण्णव वर्षांचे, चोवीस व्याधींनी गांजलेले एक श्रीमंत लाम्बेर्तो राहतात. ज्याचे नाव सतत घेतले जाते तो मरत नाही, असे कळल्यावरून ते सहा माणसांना पगारावर ठेवून रात्रंदिवस आपले नाव घ्यायला लावतात, आणि खरोखरच तरुण होऊ लागतात. कथेच्या अखेरीस लेखक वाचकाला मोकळीक देतो, की शेवट पसंत नसेल तर बदलून घ्यावा.

त्यांना स्वतःला मात्र तशी मुभा मिळाली नाही. १९७९ साली ते सोव्हिएत देशाच्या प्रवासाला गेले. त्या प्रवासाची टिपणे त्यांच्या पश्चात १९८४ साली छापली गेली. एप्रिल १९८० मध्ये पायाच्या रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेसाठी ते रोममधल्या रुग्णालयात दाखल झाले. शस्त्रक्रियेनंतर हृदयाने साथ सोडली, आणि १४ एप्रिल रोजी, साठी पुरी होण्याच्या आत, ते गेले. रोमच्या व्हेरानो दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला. ओमेन्या येथे आज त्यांच्या नावाचे कल्पना-उद्यान आहे, आणि इटलीतल्या कितीतरी शाळांना त्यांचे नाव आहे. लाम्बेर्तोला नाव घेण्यासाठी माणसे पगारावर ठेवावी लागली होती. पाववाल्याच्या ह्या मुलाचे नाव पोरे फुकट घेत असतात.

आपली भाषा आपल्या मुलखापासून दूर, दुसऱ्या भाषेच्या गराड्यात पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या आपल्यासारख्या घरांना ह्या चरित्रातून घेण्यासारखे एक आहे. मुलाने मराठी बोलावे असा हुकूम आपण सोडतो, त्याची चूक झाली की हसतो किंवा डोळे वटारतो. त्याऐवजी आज रात्री दोन चिठ्ठ्यांवर दोन शब्द लिहावेत, एक आजीने आणि एक नातवाने, आणि मग काय होते ते पाहावे.